तेल लावू नका, वेण्या सोडून या

दिवसभर लोकांच्या केसांत बोटं घालायची, हे माझं काम. कराडला आईनं शेजारणीला ते अगदी याच शब्दांत सांगितलं, तर "एवढं शिकून पार्लरात लागली होय?" असा प्रश्न आला. मी ईईजी काढते, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख. फिट आलेलं, चक्कर येऊन पडलेलं माणूस पलंगावर आडवं करायचं आणि टेपनं त्याचं डोकं मोजायचं. नाकाच्या मुळापासून मागच्या टेंगळापर्यंत एक माप, या कानापासून त्या कानापर्यंत दुसरं. मापाच्या दहा-वीस टक्क्यांवर मेणाच्या पेन्सिलीनं खुणा करायच्या. मग एकेका खुणेवरचे केस सारून, कातडी हलकी घासून, पेस्ट लावून धातूची चिमुकली वाटी बसवायची. अशा २१ वाट्या. वाटी कातडीला टेकली पाहिजे. मध्ये केस आले की आलेखात मेंदू कमी आणि खरखर जास्त.

न्यू जर्सीतल्या ज्या रुग्णालयात मी हे काम करते, तिथून रुग्णाला आधी एक पत्र जातं. आदल्या रात्री केस धुवा, तेल लावू नका, वेण्या, विग, जोडकेस असतील तर सोडून या. आपल्या लोकांचं घोडं तेलापाशी अडतं. एडिसन गावातल्या आपल्या आज्या कोरड्या डोक्यानं घराबाहेर पडायला तयार नसतात, आणि आमच्या विभागातले सगळे विनोद त्यावरच चालायचे. वेण्यांच्या ओळीकडं माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. ते २०१७ मधल्या एका सोमवारी गेलं.

शाळेची बस चालवणारी एक कृष्णवर्णीय बाई आली होती. चाळिशीची. स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली होती, आणि ती फिट नव्हती याची खात्री होईपर्यंत तिला बस चालवता येणार नव्हती. डोक्यावर करंगळीहून बारीक, कमरेपर्यंत आलेल्या शंभरेक वेण्या. यांना बॉक्स ब्रेड्स म्हणतात, कारण डोक्यावर आधी चौकोन पाडतात आणि एकेका चौकोनातून एकेक वेणी काढतात. मी पत्रातली ओळ म्हणून दाखवली. एकतर हे सोडून ये, नाहीतर पुढची तारीख घे.

"हे घालायला किती वेळ लागतो, माहितीय?"

"तासभर?"

ती हसली नाही. "शनिवारी सकाळी नऊला बसले, संध्याकाळी पाचला उठले. तुमचं पत्र त्याच संध्याकाळी आलं." पर्स उचलून गेली. पुढची तारीख सहा आठवड्यांनंतरची होती. त्या तारखेलाही ती आली नाही.

आमच्याकडं मिस डी म्हणून एक ज्येष्ठ तंत्रज्ञ आहेत. इकडच्या कृष्णवर्णीय लोकांत वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत, पुढं 'मिस' लावतात. आपलं 'ताई' म्हणावं तसं. त्यांनी दारातून सगळं पाहिलं होतं. जेवणाच्या सुट्टीत म्हणाल्या, "तिच्या चौकोनांमध्ये भांग होते ना? स्वच्छ, कातडी दिसणारे?"

होते. डोकंभर भांगांची जाळी होती. २१ वाट्यांसाठी याहून सोयीची जमीन मला शोधून सापडली नसती. खूण आणि भांग यांत थोडंफार अंतर पडलं असतं तर वेणी जराशी सारून साधलं असतं.

"तुझ्या हातात टेप होता," मिस डी म्हणाल्या, "आणि तू पत्र वाचत बसलीस."

पुढच्याच शनिवारी त्या मला ट्रेन्टनच्या एका वेण्यांच्या दुकानात घेऊन गेल्या. त्यांच्या भाचीच्या वेण्या घालायच्या होत्या. (चिमामांडा न्गोझी अदिची या नायजेरियन लेखिकेच्या 'अमेरिकाना' या २०१३ च्या कादंबरीची नायिकाही वेण्या घालायला प्रिन्स्टनहून ट्रेन्टनलाच येते. प्रिन्स्टनमध्ये सगळं मिळतं, हे मिळत नाही.) दुकानवाली सेनेगलची. टीव्हीवर फ्रेंच मालिका लावलेली. भिंतीला टांगलेली केसांची पुडकी, काळी, तपकिरी, एक चक्क जांभळं. ते केस माणसाचे नसतात. कानेकालोन नावाचा जपानी कृत्रिम धागा असतो तो. दुकानवाली पुडकं सोडायची, दोन्ही टोकं असमान करून ओढायची, म्हणजे वेणी खाली निमुळती होते. मग टोकदार शेपटीच्या फणीनं भांग. रेघ इतकी सरळ की आमच्या टेपनं लाजावं. चौकोनातले खरे केस तीन पेडांत घ्यायचे, दोनचार वळसे घातले की धाग्याचा पहिला पदर मिसळायचा, पुढच्या वळशाला दुसरा. मुळाशी गाठ नाही, म्हणून ताण कमी. आपण मुलीची तिपेडी वेणी घालतो त्याच हालचाली, फक्त शंभर वेळा, आणि प्रत्येक वेणी सुतळीएवढी. शेवटी सगळ्या वेण्यांची टोकं उकळत्या पाण्यात बुडवली. धागा आवळला, टोकं मिटली. भाचीच्या मानेभोवती टॉवेल, खाली वाफाळतं भांडं, आणि दुकानवाली चुलीवरचं आधण उतरवावं इतक्या सवयीनं ते उचलत होती. साडेसहा तास लागले. मी दोनदा जेवून आले.

पुढच्या खुर्चीवर एका लहान मुलीचे कॉर्नरोज चालले होते. आपल्या सागरवेणीचंच भावंड ते, डोक्याला चिकटून जाणारं. पेड मात्र वरून न आणता खालून घेतात, म्हणून वेणी उठून दिसते. पोरीचे डोळे पाणावले की दुकानवाली गुडघ्यानं तिची पाठ सरळ करायची. कराडच्या ओट्यावरची आमची आईच.

इतका खटाटोप कशासाठी, असं मी विचारलं. मिस डींनी स्वतःच्या कानामागचा एक सुटा केस उपटून माझ्या तळहातावर ठेवला. स्प्रिंगसारखा. ओढला तर चार बोटं, सोडला तर एक. आपला सरळ केस कापला तर तोंड गोलसर दिसतं. हा केस चपटा, लंबगोल असतो आणि ज्या मुळातून येतो ते मूळच वाकडं असतं. टाळूतून पाझरणारं तेल सरळ केसावरून घरंगळत शेंड्यापर्यंत जातं. इथं प्रत्येक वळणावर अडतं. म्हणून केस कोरडा राहतो, आणि वळणावर तुटतो. रोज विंचरला तर रोज तुटणार. तेव्हा तो नीट वेण्यांत गुंफून काही आठवडे शांत राहू द्यायचा, रात्री साटिनची टोपी घालून झोपायचं, टाळूला तेल लावायचं. तेलाचं ऐकून मला पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. आमच्या पत्रानं दोन्ही घरांच्या तेलावर काट मारली होती.

त्यानंतर मी लोकांकडं पाहायला लागले, म्हणजे लोक या केसांकडं कसं पाहतात तिकडं. लिफ्टमध्ये एक डॉक्टर नर्सच्या अफ्रोत, म्हणजे मोकळ्या, गोल फुललेल्या केसांत, हात घालून "किती मऊ आहे!" म्हणाला, एखाद्याच्या कुत्र्याचं कौतुक करावं तसं. नर्स चौथ्या मजल्यावर उतरली. तिला सहाव्यावर जायचं होतं. विग बदलून आली की "मी ओळखलंच नाही तुला", वेण्या घातल्या की "हे सगळे तुझेच का?", केस मोकळे सोडले की "आज घाईत आलीस वाटतं". विमानतळावर यंत्रानं जाड केसांवर खूण दाखवली की हातमोजे घातलेली बोटं डोक्यात फिरणार. २०१५ साली तक्रारी झाल्यावर तिथल्या सुरक्षा खात्यानं कर्मचाऱ्यांना याबद्दल प्रशिक्षण द्यायचं कबूल केलं. मिस डी अजूनही विमानाला अर्धा तास आधी जातात.

त्यांच्या डोक्याचा इतिहास मी वाट्या धुताना तुकड्यातुकड्यानं ऐकला. आजी जॉर्जियाची. रविवारी चर्चला जायच्या आधी लोखंडी फणी गॅसवर तापवून नातींचे केस सरळ करायची. मानेवरचे अगदी बारीक, कशालाच न जुमानणारे केस असतात ना, त्यांना यांच्या बोलीत 'किचन' म्हणतात, आणि फणीचे चटके तिथंच बसत. बाराव्या वर्षी रिलॅक्सर आला. हे केस कायमचे सरळ करणारं मलम. त्यातल्या बऱ्याच प्रकारांत सोडियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे मोरी साफ करायचा कॉस्टिक सोडा. ते केसातले बंध तोडतं, आणि वेळेवर धुतलं नाही तर टाळू भाजतं. दर सहा-आठ आठवड्यांनी, तीस वर्षं. २०२२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ३३,४९७ स्त्रियांची जवळपास ११ वर्षांची माहिती प्रसिद्ध केली. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरणाऱ्यांपैकी सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के, आणि वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असा त्यांचा अंदाज होता. ही रसायनं वापरणाऱ्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होत्या. रसायनामुळंच रोग झाला, असं या एका अभ्यासानं सिद्ध होत नाही. मिस डींनी तो कागद आमच्या फळ्यावर लावला, आणि खाली काही लिहिलं नाही.

हौस म्हणून कुणी टाळू भाजून घेत नाही. मिस डींना पहिल्या नोकरीत, दुसऱ्या एका गावी, कॉर्नरोज घालून गेल्यावर "रुग्ण दचकतील" असं सांगण्यात आलं होतं. त्याच्या काही वर्षं आधी, १९८१ साली, न्यूयॉर्कच्या न्यायालयात रेने रॉजर्स या कर्मचारी बाईनं अमेरिकन एअरलाइन्सवर लावलेला दावा फसला होता. कंपनीनं कामावर कॉर्नरोजना बंदी घातली होती. कंपनीनं असंही सांगितलं की बो डेरेक या गोऱ्या नटीनं १९७९ च्या सिनेमात अशा वेण्या घातल्यावर ही फॅशन आली. आफ्रिकेतल्या कोरीव मूर्तींच्या डोक्यावर शतकानुशतकं असलेल्या वेण्या, आणि मान कुणाला, तर एका सिनेमाला! न्यायालयाचा तर्क आणखी मजेशीर. अफ्रो आपोआप उगवतो, त्यावर बंदी घातली तर वंशभेद म्हणता येईल कदाचित. वेण्या हातानं घातलेल्या असतात, त्या बदलता येतात. आणि अफ्रो घेऊन आलेल्या बाईला कुणी नीटनेटकी म्हणत नव्हतंच. १९७० साली कृष्णवर्णीयांच्या चळवळीतल्या अँजेला डेव्हिसच्या अटकेसाठी एफबीआयनं छापलेल्या पत्रकावरचा तो गोल अफ्रो लोकांच्या डोक्यात पक्का बसला होता. मोकळे सोडले तर बंडखोर, गुंफले तर नियमाबाहेर.

हे फार जुनं दुखणं आहे. १७८६ साली लुइझियानावर स्पेनचं राज्य असताना गव्हर्नर मिरोनं हुकूम काढला, की न्यू ऑर्लिन्समधल्या स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांनी डोक्याला फडकं बांधावं. त्यांच्या केसांची सजावट गोऱ्या बायकांच्या डोळ्यांत खुपत होती. त्या बायांनी फडकी बांधली. भडक रंगांची, दागिने खोचून, असे फेटे की हुकूम काढणाराच वेडा ठरावा. लष्कराचं उदाहरण तर कालपरवाचं. २०१४ च्या नियमावलीत अमेरिकी सैन्यानं पिळाच्या वेण्यांसारखे कृष्णवर्णीय सैनिक स्त्रियांचे नेहमीचे प्रकार बाद केले, ओरड झाल्यावर काही महिन्यांत माघार घेतली, आणि लॉक्सना, म्हणजे दोऱ्यांसारख्या वळून एकजीव होऊ दिलेल्या केसांना, परवानगी द्यायला २०१७ उजाडलं.

कायदा आत्ताआत्ता आला. कॅलिफोर्नियानं २०१९ च्या जुलैत क्राउन कायदा केला: केसांचा पोत आणि वेण्या, लॉक्स, पिळे यांवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करता येणार नाही. आमच्या न्यू जर्सीच्या कायद्यामागं एक कुस्ती आहे. २०१८ च्या डिसेंबरात पंचानं शाळेतल्या एका पैलवान पोराला सांगितलं, लॉक्स काप, नाहीतर कुस्ती गेली. मॅटच्या कडेला उभं करून कात्रीनं त्याचे केस कापले, ते दृश्य देशभर फिरलं. पोरगा कुस्ती जिंकला. जिंकल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर कुठंच दिसत नव्हता. बरोबर वर्षानं राज्यात कायदा झाला. देशभरासाठीचं विधेयक मात्र २०२२ च्या मार्चमध्ये प्रतिनिधीगृहात २३५ विरुद्ध १८९ मतांनी संमत होऊन सिनेटपाशी अडकलं.

मॅटवरची ती कात्री माझ्या घरी वेगळ्याच रूपात आली. आई सहा महिन्यांसाठी आली होती, आणि मी मिस डींना जेवायला बोलावलं. त्यांचे लॉक्स खांद्याखाली उतरलेले, करडे. दार उघडताच आईचा चेहरा पडला. मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "अगं, बाईच्या डोक्यात जट आलीय. देवीला सोडलंय का हिला? कुणी कापून देत नाही का?"

आमच्या भागात हे बोलणं उगाच येत नाही. केसांत गुंता झाला, तो सुटेना, की देवीनं खूण केली म्हणायचं. मग कात्री लावायची नाही, नीट धुवायचं नाही, आणि बाईनं ते ओझं आणि त्यातली खाज जन्मभर वाहायची. किती पोरी यल्लमाला सोडल्या गेल्या. जट कापून बाई मोकळी करणं हे आमच्याकडं अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम आहे, आणि चांगलं काम आहे. आईनं स्वतः गल्लीतल्या एकीची समजूत घालून तिला कात्रीपर्यंत नेलं होतं. तिच्या लेखी ती माणुसकीच दाखवत होती.

मिस डींनी विचारलं, काय म्हणतायत? मी आधी काहीतरी गुळमुळीत बोलले. मग सांगून टाकलं. त्या जेवता जेवता थांबल्या, आणि आईजवळ जाऊन बसल्या. एक लॉक हातात धरून मुळापाशी दाखवलं: हा भांग, हे बोट, दर महिन्याला मुळं अशी पिळायची, आठवड्याला धुवायचं. "वास घ्या," म्हणाल्या. आईनं खरंच घेतला. "खोबरेल!" मग आईचा हात आपसूक त्यांच्या डोक्यावर गेला, थोरल्या बाईनं धाकटीच्या डोक्यावर ठेवावा तसा, आणि मी टेबलाच्या पलीकडं श्वास रोखून उभी. लिफ्टमधला डॉक्टर आठवला. मिस डी हलल्या नाहीत. नंतर गाडीपर्यंत सोडायला गेले तेव्हा म्हणाल्या, "तुझ्या आईनं आधी मला बघितलं, मग केसांना. पण पुढच्या वेळी विचारायला सांग." मी आईला सांगितलं. आई दोन दिवस फुगून होती. "आशीर्वादालाबी परवानगी?"

मीही आईची बाजू घेऊ शकले असते. लाल रिबिनींच्या दोन वेण्या नसतील तर आम्हाला शाळेत वर्गाबाहेर उभं करायचे, आणि कुरळ्या केसांची माझी मैत्रीण अख्ख्या शाळेची 'झिंज्या' होती. पण त्या झिंज्यांपायी कुणाची नोकरी गेली नव्हती, तेव्हा गप्प बसले.

कामावर थोडं बदललं आहे. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात आर्नेल एटिएन या विद्यार्थिनीनं ईईजीच्या खुणांच्या रेषेत कॉर्नरोज घालायचे आणि त्या वेण्यांखाली अडकून कातडीला दाबून बसतील असे चिमटे वापरायचे, अशी युक्ती काढली. तिच्या गटाचं काम २०२० साली प्रसिद्ध झालं. चिमट्यांना नाव दिलंय 'सेव्हो', हैतीच्या क्रिओल भाषेत मेंदू. म्हणजे ज्या वेण्या आम्ही सोडायला लावत होतो, त्याच वाट्या धरून ठेवायच्या कामी आल्या. आमच्याकडं ते चिमटे नाहीत, पण पत्रातली वेण्यांची ओळ मिस डींनी भांडून बदलून घेतली: टाळू दिसेल असे भांग असू द्या, शंका असेल तर फोन करा. फोन बहुतेक वेळा मीच उचलते. तपासणीनंतर केसांत पेस्टचे गोळे राहतात, आणि रुग्णालयाच्या पाकिटात जी काळी फणी मिळते तिचे दात इतके बारीक की मिस डींच्या केसांत घातली तर फणीच मोडेल. म्हणून आमच्या खणात रुंद दातांच्या फण्या असतात, आमच्या खर्चानं.

त्या आणायला मी आईला घेऊन केसांच्या सामानाच्या दुकानात गेले. भिंतभर केस लटकलेले, या खेपेला खरे, माणसांचे. आई एकेक पाकीट हातात घेऊन बघत होती. एकावर 'इंडियन हेअर' लिहिलेलं. मी तिला तिरुमलाचं कल्याणकट्टा समजावलं. तिथं नवसाचं मुंडण होतं, लांबीप्रमाणं केस निवडून देवस्थान त्यांचा लिलाव करतं. विनोदवीर ख्रिस रॉकनं २००९ च्या 'गुड हेअर' या माहितीपटात तेच दाखवलंय. मुळं एका बाजूला, शेंडे एका बाजूला राहिलेले ते केस सगळ्यात महाग. आणि फणीतून निघालेले, उलटसुलट गुंतलेले असतात, ते कर्नाटकातल्या कोपळजवळच्या भाग्यनगरसारख्या गावांत बायका बसून सोडवतात. पुढं ते आम्लात बुडवून त्यांचे खवले काढतात, तेव्हा कुठं ते मऊ होतात.

"म्हंजे गुंतवळ?"

"गुंतवळच."

आईनं कोनाड्यातला डबा आठवला असणार. आम्हा तिघी बहिणींच्या फणीतलं गुंतवळ ती त्यात साठवायची, आणि दारावर "केसांवर भांडीऽऽ" अशी हाक आली की डबा घेऊन धावायची. तिनं पाकिटामागची किंमत वाचली, एकशे ऐंशी डॉलर, बोटांवर रुपये मोजले, आणि पाकीट होतं तिथं परत अडकवलं.

"तीन पोरींच्या वर्षभराच्या केसांवर एक वाटी दिली होती भवानीनं," ती म्हणाली. "तीबी गळकी."